तुंबलेले मूत्राशय आणि रक्तवाहिन्यांची धडपड

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. वैद्यकाचा अधिकार मला नाही. तरीही हा विषय निवडण्यास एक घरगुती कारण आहे. माझे वडील रात्री चार-चार वेळा उठत आणि ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणत. संकोचापोटी दोन वर्षे त्यांनी कोणास काही सांगितले नाही. अखेर एका पहाटे लघवी पूर्णपणे तुंबली आणि नळी घालावी लागली. पुढे शस्त्रक्रियेने अडथळा दूर झाला. परंतु मूत्राशयाची शक्ती पूर्वीसारखी परतली नाही. असे का व्हावे?

मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती प्रॉस्टेट ग्रंथी असते. साठीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांत ती वाढलेली आढळते. तिने मार्ग दाबला की लघवी बाहेर लोटण्यासाठी मूत्राशयास अधिक जोर करावा लागतो. तालमीत घुमणाऱ्या पहिलवानाच्या दंडाप्रमाणे त्याच्या भिंतीचा स्नायू जाड होतो.

वाढत्या स्नायूस रक्तही अधिक हवे. येथे शरीराची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. प्राणवायू अपुरा पडू लागताच पेशी विशिष्ट प्रथिने निर्माण करतात आणि त्यांच्या संदेशाने नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. सशांचा मूत्रमार्ग अंशतः आवळून केलेल्या प्रयोगांत स्नायूबरोबर रक्तवाहिन्यांचे जाळेही वाढल्याचे दिसून आले आहे. काही काळ गरज आणि पुरवठा यांचा मेळ बसतो.

परंतु या जुळवून घेण्यास मर्यादा आहे. मूत्राशय आकुंचन पावते तेव्हा भिंतीतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. अडथळा असेल तर हा दाब अधिक असतो आणि अधिक वेळ टिकतो. शिवाय मागे उरलेल्या लघवीने भिंत ताणलेलीच राहते. रक्त अडते, पुन्हा वाहते, पुन्हा अडते. या ओढाताणीत मज्जातंतू व स्नायुपेशी दुखावतात, त्यांच्या जागी चिवट तंतू साचतात आणि मूत्राशय थकते. मग अडथळा काढला, तरी गेलेले सर्व परत येतेच असे नाही.

म्हणून वेळेला महत्त्व आहे. धार बारीक होणे, कुंथावे लागणे, वारंवार उठणे, लघवी अपुरी झाल्यासारखी वाटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास डॉक्टरांस दाखवावे. प्रत्येकास शस्त्रक्रिया लागत नाही. पुष्कळांना औषधांनीच आराम पडतो. लघवी पूर्ण अडल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपले शरीर मुकाट्याने पुष्कळ सोसते. आपण मात्र मुके राहू नये, एवढीच विनंती.