अपंग भावंडाचा कॅनडा-प्रवेश : आई-वडिलांच्या हयातीत करावयाचे काम
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी काहींची मुले आज कॅनडात स्थायिक झालेली आहेत. त्यांचा एखादा अपंग भाऊ वा बहीण मात्र येथे आई-वडिलांच्या आधाराने जगत आहे. 'आमच्यामागे याचे काय?' हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतो आणि 'पुढे पाहू' या दोन शब्दांवर तो सोडून दिला जातो. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, कॅनडाच्या कायद्यातील जे दार आई-वडिलांच्या हयातीत उघडू शकते, ते त्यांच्या पश्चात बहुधा बंद होते.

याचे कारण असे. हा कायदा प्रौढ भावाला सामान्यतः भाऊ म्हणून ओळखत नाही. आई-वडिलांवर अवलंबून असलेले अपत्य म्हणून ओळखतो. असे अपत्य सामान्यतः २२ वर्षांखालील असावे लागते. परंतु शारीरिक वा मानसिक अवस्थेमुळे जो स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाही आणि २२ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीपासून जो आई-वडिलांच्या पैशावर जगत आहे, त्याला ही वयाची अट नाही. तो चाळीस वर्षांचा असला, तरी आई-वडिलांच्या अर्जात त्याचा समावेश होतो. ते निवर्तले की तो केवळ भाऊ उरतो. पोरक्या भावंडाला बोलावण्याची सोय आहे, पण ती १८ वर्षांखालील भावंडापुरती. मग बहुधा उरते ती माणुसकीच्या नावाने करावयाची विनंती. आणि विनंती म्हणजे हक्क नव्हे.

दुसरा अडथळा खर्चाचा. १८६९ च्या कॅनडाच्या कायद्यान्वये जहाजाच्या कप्तानाला आंधळे, बहिरे-मुके व पंगू उतारू नोंदवून द्यावे लागत. हे लोक सरकारवर भार होतील, ही त्यामागील भीती. तीच भीती आजच्या कायद्यात 'अवाजवी भार' या नावाने जिवंत आहे. स्वतःचा पती, पत्नी वा मूल बोलावताना हा नियम लागत नाही. आई-वडिलांबरोबर येणाऱ्या भावाला तो लागतो. एक अपात्र ठरला, तर त्याच्यामुळे आई-वडीलही अपात्र ठरू शकतात.

तथापि नाउमेद होण्याचे कारण नाही. अपंगत्वाचे नुसते नाव पाहून निर्णय देता येणार नाही; त्या व्यक्तीची प्रत्यक्ष गरज व कुटुंबाची खर्च करण्याची ऐपत आणि तयारी पाहिली पाहिजे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. २०१८ साली सरकारने खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षण, पुनर्वसन व दैनंदिन मदत या सेवा हिशेबातून वगळल्या. पूर्वी नाकारली गेलेली कित्येक माणसे आज पात्र ठरू शकतात.

अपंग मुलाला वगळून अर्ज करा, असे सांगणारे दलाल भेटतील. त्यांचे मुळीच ऐकू नका. बरोबर न येणाऱ्या अपत्याचेही नाव सांगावे लागते व त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. ते लपविले, तर पुढे त्याला कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग सामान्यतः खुंटतो.

आई-वडिलांसाठी नवे अर्ज केव्हा व किती घ्यावयाचे, हे तेथील सरकार ठरविते. नोव्हेंबर २०११ पासून २०१३ अखेरपर्यंत तर ते पूर्णपणे थांबविले होते. म्हणून कागद आधीच तयार असले पाहिजेत : अपंगत्वाचे प्रमाणपत्र, बालपणापासूनचे डॉक्टरांचे व शाळेचे दाखले, आई-वडील खर्च करीत आल्याचा पुरावा. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात वा बहुविकलांगता असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा आदेशही मिळविता येतो. जाणे न घडले, तरी तो येथे उपयोगी पडेल.

आणि हे सारे करण्यापूर्वी त्या मुलाला विचारा : 'तुला जावयाचे आहे काय?' त्याला समजेल अशा रीतीने विचारा आणि उत्तराची वाट पाहा. अपंग व्यक्तींना हिंडण्याचे व राहण्याचे ठिकाण निवडण्याचे स्वातंत्र्य इतरांच्या बरोबरीने आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात म्हटले आहे. भारताने तो २००७ साली व कॅनडाने २०१० साली मान्य केला. परक्या सरकारने त्याला भार समजू नये, अशी मागणी आपण करतो. ती करणाऱ्या घराने तरी त्याला सामान समजून पाठवू नये.