दुधाचा माग

आईला झालेला कर्करोग लेकीलाही झाला, की घरातली माणसं ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून मोकळी होतात. शास्त्रज्ञाची खरी अडचण तिथून सुरू होते. लेकीला आईकडून नुसती जनुकंच मिळत नाहीत. ती आईच्या पोटात वाढते, आईच्या अंगावर पिते. मग यातून नेमकं काय आलं, ते निवडायचं कसं?

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर या गावी क्लॅरेन्स लिटल यांनी १९२९ साली जॅक्सन प्रयोगशाळा काढली. तिचं भांडवल म्हणजे उंदीर. निदान वीस पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचाच संकर करत नेला, की वाणातला प्रत्येक उंदीर जनुकांच्या बाबतीत जवळजवळ सारखा निघतो. अशा काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, तर काहींत क्वचितच. म्हणजे आनुवंशिकताच, असं कुणीही म्हटलं असतं.

तिथल्या मंडळींनी मात्र दोन्ही वाणांचा उलटसुलट संकर केला. आई रोगट वाणाची असली, तर पुष्कळ लेकींना रोग झाला. बाप रोगट वाणाचा आणि आई निरोगी वाणाची असली, तर फारच थोड्यांना. जनुकं दोघांकडून निम्मी निम्मी येतात, मग हा पक्षपात कसला? १९३३ साली त्यांनी जाहीर केलं, की गुणसूत्रांच्या बाहेरचं काहीतरी यात आहे.

ते काहीतरी दुधातून येतं का हे पाहायला त्यांच्यातल्याच जॉन बिटनर यांनी पिल्लांच्या आया बदलल्या. रोगट वाणाची नवजात पिल्लं उचलायची आणि निरोगी मादीच्या अंगावर पाजायची. सांगायला सोपं, करायला किचकट. उंदरीण बहुधा रात्री विते आणि पिल्लू लगेच आचळाला लागतं. ते प्यायलं की नाही, हे ओळखायची सोय मात्र निसर्गानंच करून ठेवली आहे. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते, की पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसतं.

दाईच्या दुधावर वाढलेल्या त्या माद्यांमध्ये कर्करोगाचं प्रमाण एकदम खाली आलं. १९३६ साली बिटनर यांनी हे प्रसिद्ध केलं, पण ‘विषाणू’ म्हणायचं त्यांनी टाळलं. दुधाचा ‘प्रभाव’ एवढंच म्हटलं. विषाणूमुळे कर्करोग होतो म्हणणाऱ्याकडे त्या काळी संशयानं पाहत. पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीत तसा विषाणू दाखवला, त्यांना नोबेल मिळायला १९६६ साल उजाडलं! बिटनर यांची सावधगिरी भित्रेपणाची नव्हती, व्यवहाराची होती. तो प्रभाव अखेर विषाणूच निघाला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ही उंदरांची हकिकत आहे. माणसात अंगावर पाजण्यानं आईचा स्तनकर्करोगाचा धोका कमीच होतो.

उंदरांतल्या या शोधाचा धागा मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनी हाती घेतला. त्या मूळच्या पुण्याच्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात वाढवण्याचं तंत्र शिकल्या. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी उंदरांतला स्तनकर्करोग आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू अशा तिन्ही अंगांनी तपासला. एकाच कारणाला धरून न बसण्याची ही दृष्टी योग्य होती: संप्रेरकांच्या इशाऱ्यावर हा विषाणू जोमानं वाढतो, हे पुढे स्पष्ट झालं.

पण तो पेशीत जाऊन करतो काय? त्याच्याकडे कर्करोगाचं स्वतःचं जनुक नाही. तो आपली प्रत यजमानाच्या गुणसूत्रात कुठेतरी घुसवतो. रूल नुसे आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी १९८२ साली दाखवलं, की गाठीगाठींत तो एकाच जनुकाच्या शेजारी पुन्हा पुन्हा सापडतो आणि एरवी निजलेलं ते जनुक जागं करतो. पाच वर्षांनी कळलं, की फळमाशीत ज्या जनुकाच्या बिघाडानं पंखच फुटत नाहीत, तेच हे जनुक. त्याचा संदेश पेशीत पोचवणारी साखळी पुढे उलगडत गेली आणि तिला लगाम घालणारं एक जनुक ओळखीचं निघालं. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत तोच लगाम तुटलेला असतो.