उत्पन्नाचा रकाना कोण भरतो?

(बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये मराठी तरुण नोकरदारांपुढे केलेलं भाषण)



या एचएसआर लेआउटमध्ये कर्ज देणारी ॲप आणि कर्जाचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअर तयार होतात. आपल्यातले काहीजण त्याच कामात आहेत. आपण घरातले पहिले पदवीधर. गटाच्या कर्जाचा हप्ता काय असतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. म्हणून आज कर्जाच्या अर्जातल्या एकाच रकान्याबद्दल बोलतो: घरच्या उत्पन्नाचा रकाना.

रिझर्व्ह बँकेनं १४ मार्च २०२२ ला मायक्रोफायनान्सचे नवे नियम काढले. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज त्यात येतं. व्याजदर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. कर्जदारासाठी मोठी अट ठेवली ती ही: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत.

आता हिशेब करू. समजा, शेतमजुराच्या घरात महिन्याला १२ हजार येतात. हप्त्यांची मर्यादा झाली ६ हजार. टार्गेट गाठायचं म्हणून अर्जात २० हजार लिहिले, की मर्यादा १० हजार होते. कागद नियमात बसतो, घरात खायला २ हजार उरतात.

मग हप्ता भरतात कसा? दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून, नाहीतर गटातल्या बायांनी पदरचे घालून. कंपनीला वसुली चोख दिसते आणि धंदा टिकाऊ वाटतो. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात हे सगळं कोसळलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं चार कंपन्यांचं नवं कर्जवाटप काही काळ थांबवलं. जादा व्याजाबरोबरच मायक्रोफायनान्समध्ये घरचं उत्पन्न आणि आधीचे हप्ते नीट न तपासणं, हाही आक्षेप होता. इथं कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध १० वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा अध्यादेश आला. पण वसुलीवाला दारात उभा राहतो, तेव्हा चुकीचा आकडा लिहून बरेच दिवस झालेले असतात.

कोणी म्हणेल, तपासणी कडक केली तर गरीब माणूस सावकाराकडे जाईल. खोट्या आकड्यावर दिलेलं कर्जही त्याला सावकाराकडेच नेतं, हप्ता भरायला.

१८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यांनी अंगठा उठवला होता तो न वाचता आलेल्या कागदावर. जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा विद्येच्या अभावाकडे बोट दाखवलं ते यासाठीच. आज लेखणी आपल्या हातात आहे. अर्ज कसा असावा, हे ठरवणाऱ्या टेबलावर आपल्यातला कोणीतरी बसलेला आहे.

त्या टेबलावर तीन गोष्टी मागा. उत्पन्न महिन्यावार विचारा आणि हप्ता कामाच्या मंदीतल्या महिन्यावर बेता. आधीची कर्जं तपासल्याशिवाय अर्ज पुढे सरकू देऊ नका. टार्गेट फक्त वाटपाचं नको, खऱ्या नोंदीचंही मोजा.

आणि गावी गेलात की घरातलं कर्ज कार्ड मागून घ्या. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलंच पाहिजे, असा नियम आहे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, हेही आईला सांगा. अर्जात आपलं उत्पन्न किती लिहिलंय, ते तिला वाचून दाखवा. आकडा खोटा असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार द्या, तिथं दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. अर्ज लिहायला तुम्ही आहातच.

जय भीम, जय जोती.