चेंडूफळीची हौस

श्रोतेहो, क्रिकेट पाहणारे वाढले, यात शंका नाही. पण संध्याकाळी आपल्या शाळेच्या मैदानावर एकदा चक्कर टाका. खेळणारी पोरे किती दिसतात?

आमचे गाव लातूरकडचे, मांजरेच्या काठी. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवले. चावडीवरच्या रेडिओवर ती बातमी ऐकली आणि आम्ही सुताराच्या दारात जाऊन बसलो. त्याने बाभळीची फळी तासून दिली. चेंडू चिंध्यांचा, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. पुढच्याच साली दुष्काळ पडला. नदीचे कोरडे पात्र हेच आमचे मैदान झाले. दिवसभर खडी फोडून आलेली माणसेही घटकाभर बघत बसायची.

एकदा शेजारच्या गावाशी सामना होता. चेंडू माझ्या बॅटीला निसटता लागला आणि मागे झेलला गेला. पंच आमचे गुरुजी. त्यांना ते कळले नाही. मी तसाच उभा राहिलो. सामना जिंकलो. परतताना गुरुजींनी हळूच विचारले, "काय रे, लागला होता ना?" मी मान खाली घातली. "मग त्यांना जाऊन सांग," एवढेच ते बोलले. रविवारी दोन कोस चालत गेलो आणि सांगितले. ती पोरे हसली. त्यांनी गूळ-शेंगदाणे दिले आणि नवा सामना ठरवला. ना बक्षीस, ना पैसा. हौशी खेळ म्हणतात तो हाच.

पुढे मी नांदेडला शिक्षक झालो. तिकडे 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला झाला. पोरे शिकली, डॉक्टर झाली, हे चांगलेच झाले. पण आमच्या शाळेतला खेळाचा तास हळूहळू गणिताकडे गेला. तो मीच निमूटपणे देऊन टाकला. तेव्हा मात्र मला कोणी विचारले नाही.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. मोठ्या क्रिकेटला हिरवळ लागते, पाणी लागते. आमच्या क्रिकेटला काय लागत होते? एक फळी, मोकळी जागा आणि तासभर वेळ.

शिक्षक बंधुभगिनींनो, फळी आणि जागा गावात अजून मिळेल. तो तास तेवढा पोरांना परत द्या. आणि पंच म्हणून तुम्ही स्वतः उभे राहा.