गोड मेजाचा जोडव्यवसाय : शुद्धता, वेळ आणि हिशेब



वाढदिवस, डोहाळजेवण, बारसे, साखरपुडा अशा घरगुती समारंभांत गेल्या काही वर्षांपासून जेवणाच्या व्यवस्थेपासून थोडे दूर एक वेगळे मेज मांडलेले दिसते. त्यावर काचेच्या इवल्या वाट्यांत थरांचे गोड पदार्थ, तीन मजली स्टँडवर कपकेक, बरण्यांत रंगीत गोळ्या, काडीवर खोवलेले चॉकलेटचे गोळे आणि मध्यभागी यजमानांच्या लाडक्या बाळाचे नाव कोरलेला केक असतो. याला सर्वजण ‘डेझर्ट टेबल’ म्हणतात. विशेष म्हणजे हे मेज मांडणारी व्यक्ती पुष्कळदा हलवाई किंवा बेकरीवाला नसते. ती एखादी शिक्षिका असते, बँकेतील कर्मचारी असते किंवा मुले मोठी झाल्याने दुपारचा वेळ मोकळा झालेली गृहिणी असते. घरच्या ओव्हनवर, घरच्या ओट्यावर चालणारा हा जोडव्यवसाय आहे, आणि जैन कुटुंबांतील अनेक भगिनी त्याकडे आशेने पाहत आहेत. म्हणून त्याचा विचार केवळ हौस म्हणून न करता व्यवसाय म्हणून झाला पाहिजे.

जैन स्वयंपाकघराकडे या धंद्यासाठी लागणारे एक भांडवल आधीपासूनच आहे. ज्या ओट्यावर, ज्या भांड्यात अंडे कधी आलेच नाही असे ठिकाण बाजारात सहज सापडत नाही. परदेशी पदार्थ शाकाहारी रीतीने करून पाहण्याची वाटही नवी नाही. तरला दलाल यांनी १९६६ साली मुंबईत आपल्या घरीच पाककलेचे वर्ग सुरू केले आणि पुढे त्यांच्या पुस्तकांमुळे असंख्य शाकाहारी घरांत हे पदार्थ पोहोचले. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घरातल्या ओट्यावर सुरू झालेल्या कामाला किती दूरचा पल्ला गाठता येतो, याचे ते उदाहरण आहे.

अंड्याविना केक फुगत नाही, ही समजूत आता मागे पडली आहे. अंडे तीन कामे करते. ते हवा धरून ठेवते, तूप-पाणी एकजीव ठेवते आणि भाजताना घट्ट होऊन केकला आकार देते. अंडे वगळले की हवेचे काम सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून निघणाऱ्या वायूवर सोपवावे लागते. दही, ताक, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांपैकी काहीतरी सोड्याला भेटले की वायू लगेच सुटू लागतो. म्हणून मिश्रण कालवून ठेवून फोन घ्यायला जाणे परवडत नाही. ओव्हन आधी तापलेला हवा आणि मिश्रण कालवताच आत गेले पाहिजे. आटवलेल्या गोड दुधाचा डबा वापरला तर दुधातील प्रथिनांमुळे केकला अंगही येते. हे सर्व सरावाने जमते. अवघड भाग पुढचा आहे.

‘अंडेविरहित’ आणि ‘जैन’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि येथेच या व्यवसायाची खरी कसोटी आहे. वेष्टनावरचे हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याची ग्वाही देते. तेथे कंदमुळांचा प्रश्न नसतो, मधाचा नसतो, लोण्याचा तर मुळीच नसतो. कायद्याने मध, बटाट्याचे पीठ आणि लोणी हे सारे शाकाहारीच आहे. त्यामुळे हिरवे चिन्ह पाहून निर्धास्त झालेली भगिनी अजाणता दुसऱ्याचा नियम मोडू शकते. खाणाऱ्याला तर काहीच कळत नाही. मेजावर नटूनथटून बसलेला पदार्थ स्वतःविषयी काही सांगत नाही.

मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांना ताण येतो तो पुष्कळदा जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून व हाडांपासून काढतात. त्याऐवजी फळांच्या सालीपासून मिळणारे पेक्टिन वापरता येते. चायनाग्रास वनस्पतिजन्य म्हणून सर्रास सुचवले जाते. परंतु ते समुद्री शेवाळापासून होते आणि शेवाळ अनंतकायात गणले जात असल्याने काही घरांना ते चालत नाही. चमकदार गोळ्यांवरचा मुलामा कधी लाखेचा असतो, म्हणजे कीटकाचा. वेष्टनावर तो ९०४ या क्रमांकाने लिहिलेला सापडतो. परदेशातून आलेल्या सजावटीच्या डब्यांवर १२० हा क्रमांक दिसला तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला आहे. तो टाळून ‘नैसर्गिक’ म्हणून १६२ क्रमांकाचा रंग घ्यावा, तर तो बीटाचा, म्हणजे कंदमुळाचा! लाल रंगासाठी डाळिंबाचा किंवा कोकमाचा आटवलेला रस हाच निर्वेध मार्ग उरतो; त्याचा रंग भडक येत नाही, हे यजमानांना आधी सांगून ठेवलेले बरे. ४७१ क्रमांकाचा घटक वनस्पतीचाही असतो आणि प्राणिजन्यही. तेथे हिरवे चिन्ह उपयोगी पडते. व्हॅनिलाचा अस्सल अर्क मद्यार्कात काढलेला असतो, म्हणून व्हॅनिलाच्या शेंगांची पूड घ्यावी किंवा सरळ वेलदोडा वापरावा. अंजीर पंच उदुंबरांच्या गणनेत येत असल्याने अंजीर-बर्फीही सर्वांना चालत नाही. मिश्रणावर तूप फिरवायचा ब्रशसुद्धा प्राण्याच्या केसांचा असू शकतो. चांदीच्या वर्खाची चिंता मात्र थोडी हलकी झाली आहे. २०१६ साली वर्ख बनवताना प्राणिजन्य साहित्य वापरण्यास बंदी घालणारा नियम निघाला. तरीही विश्वासाच्या दुकानातूनच तो घ्यावा.

लोण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मध, मद्य, मांस यांच्या पंक्तीत नवनीत वर्ज्य मानले गेले आहे, आणि बेकरीच्या केकवरील सजावटीचा जीव म्हणजे तर बटरक्रीम! त्याला पर्याय फेटलेल्या क्रीमचा. बाजारात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या साध्या डब्यात स्निग्धांश सुमारे २५ टक्के असतो, ते कितीही घुसळले तरी उभे राहत नाही. फेटण्यासाठी किमान ३० ते ३५ टक्क्यांचे क्रीम लागते आणि भांडे, क्रीम, फेटणी सारेच थंडगार हवे. मात्र लक्ष चुकून ते दोन मिनिटे अधिक फेटले गेले की त्याचे लोणीच होते, आणि जे टाळायचे तेच हाती येते. वनस्पती तेलाचे तयार क्रीम उन्हाळ्यात अधिक टिकते, पण त्याच्या डब्यावरील घटक नीट वाचून घ्यावेत.

व्रती घरांचा विचार वेगळाच करावा लागतो. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची पाळणाऱ्या घराला पुडीतला मैदा कसा चालणार? तेथे केक होत नाही, असे स्पष्ट सांगावे. नारळाची वडी, काजूची बर्फी, खजुराचे लाडू, घरच्या दुधाची बासुंदी असे वेगळे मेज त्यांच्यासाठी मांडता येते आणि ते दिसतेही देखणे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी बेसनाच्या नानकटाईत दही घालून चालत नाही, हेही ध्यानी ठेवावे. म्हणून ऑर्डर घेताना ‘जैन हवे का?’ एवढे विचारून भागत नाही. केवळ अंडे नको आहे, की कंदमूळ, मध आणि लोणीही नको आहे, की व्रतींसाठी हवे आहे, असे तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक पदार्थाशेजारी त्यातील घटक लिहिलेली छोटी चिठ्ठी ठेवावी. सुंदर अक्षरातली चिठ्ठी मेजाची शोभा बिघडवत नाही. उलट म्हाताऱ्या आजी चष्मा लावून ती वाचतात आणि मगच वाटीला हात लावतात.

आता वेळेचा प्रश्न. कोल्हापूर-सांगली भागात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या थोडे पुढे. निमंत्रणपत्रिकेत मात्र वाढदिवसाची वेळ बाराही महिने ‘सायंकाळी सात’ छापलेली असते. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या पाहुण्यांसाठी ते मेज केवळ पाहण्यापुरते उरते. ऑर्डर घेतानाच समारंभ चार-साडेचारला ठेवण्याचा आग्रह धरणे हा या व्यवसायाचाच भाग आहे, आणि यजमान बहुधा ऐकतात. पण वेळेची खरी ओढाताण करणारीच्या घरात होते. एखादी शिक्षिका डोळ्यांपुढे आणावी. शाळा सुटून ती घरी पोहोचते तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. सूर्यास्तानंतर चूल न पेटवण्याचा घरचा नियम असेल, तर हिवाळ्यात तिच्या हाती अर्धा तास उरतो. इतर व्यावसायिक रात्री जागून ऑर्डर पुरी करतात. तिला ती वाट बंद आहे. तिने शनिवार दुपार आणि रविवार सकाळ एवढाच वेळ धरून आठवड्याला एकच ऑर्डर घ्यावी. चातुर्मासात, विशेषतः दशलक्षण पर्वात, काम जवळपास थांबते. वर्षाचा हिशेब बारा महिन्यांचा न धरता आठ महिन्यांचाच धरावा.

हिशेब हा तर या कामातला सर्वांत दुर्लक्षित विषय. समजा शंभर पाहुण्यांसाठी माणशी अडीच याप्रमाणे २५० नग करायचे आहेत. साहित्य ५,००० रुपये, गॅस व वीज ३००, वाट्या व खोकी ९००, वाहतूक ६००. एकूण ६,८०० रुपये. यजमानांकडून ९,००० घेतले, तर २,२०० सुटले असे वाटते आणि घरात आनंद होतो. पण खरेदी, भाजणे, सजावट, मांडणी आणि दुसऱ्या दिवशी स्टँड परत आणणे असे २२ तास गेले असतील, तर तासाला १०० रुपयेच पडले. त्यातून फुकट गेलेला एक घाणा, तडकलेली काच आणि ओव्हनची झीज वजा व्हायचीच आहे. आपल्या श्रमाला मोल लावायचे असते, हे कित्येक भगिनींना कोणी सांगितलेलेच नसते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. तेथे पापड लाटण्याची मजुरी ‘वणाई’ या नावाने हिशेबात स्वतंत्र धरली जाते. पापडाइतक्या स्वस्त वस्तूतही लाटणाऱ्या हाताचा वाटा निराळा मोजला जातो.

कायद्याची बाजू सोपी आहे. घरून पदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी करावी लागते. २००६ च्या कायद्यानुसार ती बंधनकारक आहे, लहान उत्पादकासाठी प्रक्रिया सुटसुटीत आहे आणि मिळणारा १४ अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो. दुधाचे, क्रीमचे पदार्थ थंड पेटीतून न्यावेत आणि बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नयेत. एप्रिल-मेच्या उन्हात तर तासाभरातच ते संपलेले बरे. उरलेले यजमानांना ‘उद्या खा’ म्हणून बांधून देऊ नये, मग ते कितीही आग्रह करोत.

राहता राहिले नातेवाईक. पहिल्या दहा ऑर्डरींपैकी आठ आत्या, मावशी, नणंद यांच्याकडच्याच असतात, आणि ‘घरच्याच माणसांकडून पैसे कसे घ्यायचे’ या संकोचात कित्येक उत्तम हातांचे काम वर्षभरात बंद पडते. यावर एक व्यवहारी तोड आहे. आप्तांसाठीही दरपत्रक तेच ठेवावे, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि द्यायचाच असेल तर आहेर वेगळ्या पाकिटातून द्यावा. नणंदेच्या मुलाच्या वाढदिवसाला ९,००० रुपयांचे बिल आणि ५०१ रुपयांचे पाकीट अशा दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच हाताने देता येतात. सुरुवातीला नणंदेला ते विचित्र वाटेल. पुढच्या वर्षी तीच आपल्या शेजारणीला घेऊन येते, आणि येण्यापूर्वी दर विचारून घेते.