बियाण्याची राखणदार

आपल्या संस्कृतीने भूमीला माता मानले. मात्र त्या भूमीत राबणाऱ्या स्त्रीच्या कामाचा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू गावांत पेरणीच्या वेळी तिफण पुरुषाच्या हाती असे आणि चाड्यावरची मूठ बहुधा स्त्रीची. बोटांतून किती दाणे सुटतात, यावर पिकाची दाटी ठरे. ही केवळ अंगमेहनत नव्हती, ती विद्या होती. टपोरी कणसे निवडावीत, वाळवावीत, दाणे राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात जपावेत. पुढल्या वर्षीचे शेत तिच्या उतरंडीत सुरक्षित असे. घटस्थापनेला मातीत धान्य रुजविण्याच्या प्रथेत अनेकांना बीजपरीक्षा दिसते, ती उगाच नव्हे.

१९६४ साली संकरित ज्वारीचे 'सीएसएच-१' हे वाण आले. अन्नटंचाईने गांजलेल्या देशाला त्याची निकड होती, हे मान्यच करावे लागेल. परंतु संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. बियाणे घरातून दुकानात गेले आणि त्याबरोबर स्त्रीचा शब्दही गेला. तिच्याकडे उरली ती खुरपणी आणि वेचणी. पिठाच्या गिरणीने जाते थांबविले, हा मात्र मोठाच दिलासा. पहाटेच्या दळणाचा शोक ज्यांनी कधी दळले नाही त्यांनीच करावा!

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणे जपली. शाळेची पायरी न चढलेल्या या वनवासी भगिनीला २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे या विद्येकडे शहरांचे लक्ष गेले.

विद्येचा गौरव झाला, जमिनीचे काय? १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन केली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. तरीही सातबाऱ्यावर नाव नसलेली विधवा पतीच्या पश्चात वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालते आणि तोवर पीककर्ज अडून राहते. गृहलक्ष्मी म्हणून जिचे पाऊल पूजले, तिची ही अवस्था! आणि भाऊबीजेला ओवाळणाऱ्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आपल्याच गावांत, आपल्याच घरांत आहेत.