जुना संगणक नव्या प्रणालीस चालेल काय ?

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमींची देखभाल बंद केली. २९ जुलै २०१५ रोजीं बाजारांत आलेली ही प्रणाली दहा वर्षें घरोघरच्या संगणकांवर नांदली. दुसऱ्या दिवशीं त्या कारणानें कोणाच्याहि घरचा संगणक बंद पडला नाहीं, आणि घोटाळ्याचें मूळ नेमकें तेथेंच आहे. यंत्र पूर्वीप्रमाणेंच सुरू होतें, पत्रें येतात, छायाचित्रें उघडतात. पण प्रणालींत यापुढें जें नवें छिद्र सांपडेल तें नेहमींच्या वाटेनें बुजविलें जाणार नाहीं. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात आणि मुलांची फी भरली जाते, त्याच्या बाबतींत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

मग गृहस्थ विंडोज ११ घेण्यास निघतो आणि पडद्यावर उत्तर येतें : हा संगणक आवश्यक अटी पूर्ण करीत नाहीं. एवढें एक वाक्य वाचून चांगलें चालणारें यंत्र भंगारांत देणारे आणि नव्यासाठीं हप्ते बांधून घेणारे लोक थोडे नाहींत. वास्तविक या एका नकारापोटीं दोन अगदीं निराळे नकार दडलेले असतात. एक घरबसल्या दूर होणारा, आणि दुसरा कोणत्याहि उपायानें न हटणारा. यांपैकीं आपल्या वांट्याला कोणता आला, हें पाहिल्यावांचून पैशाची पिशवी सोडूं नये.

हें पाहण्यासाठीं कंपनीनेंच ‘पीसी हेल्थ चेक’ नांवाचा विनामूल्य कार्यक्रम दिला आहे. जून २०२१ मध्यें तो प्रथम निघाला तेव्हां नुसता नकार देई, कारण धड सांगत नसे. लोकांची इतकी ओरड झाली कीं कंपनीला तो परत घ्यावा लागला. कारणांसह सुधारलेला कार्यक्रम त्याच वर्षीं पुन्हां आला. त्यानें दिलेल्या कारणांची यादी कागदावर उतरवून घ्यावी. पुढचें सर्व काम त्या कागदावरून होतें.

चार गिगाबाइट रॅम, चौसष्ट गिगाबाइट साठा, दोन गाभ्यांचा चौसष्ट बिटी प्रोसेसर या अटींवर दहा वर्षांतलें यंत्र सहसा अडत नाहीं. (चार गिगाबाइटमध्यें विंडोज ११ चालतें म्हणणें म्हणजे एका खोलींत दहा माणसें राहतात म्हणण्यासारखें आहे, राहतात, पण हलतां येत नाहीं. आठ असावी.) अडतें तें बहुधा टीपीएम, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरची पिढी या तीन ठिकाणीं.

टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारा यंत्रांतला कुलूपबंद कप्पा. विंडोज ११ ला त्याची २.० ही आवृत्ति लागते. विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटींत ‘टीपीएम डॉट एमएससी’ हीं अक्षरें रोमन लिपींत लिहिलीं कीं तो आहे किंवा नाहीं हें कळतें. मात्र तेथें ‘सांपडला नाहीं’ असें दिसलें तरी तेवढ्यानें निराश होण्याचें कारण नाहीं. पुष्कळ यंत्रांत हा कप्पा असतो, पण बंद ठेवलेला असतो. विशेषतः लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत सुटे भाग निवडून जोडून घेतलेल्या संगणकांत हें हटकून आढळतें. यंत्र सुरू होतांना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून आंतल्या मांडणींत शिरावें. इंटेलच्या यंत्रांत ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नांवाखालीं तो सांपडतो. कळ फिरविली कीं पहिला नकार मावळतो, खर्च शून्य.

पण येथेंच सावधगिरी हवी. संगणकाची तबकडी बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर आंतल्या मांडणींत हात घालतांच तो अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागूं शकतो, आणि ती जवळ नसेल तर घरादाराचीं छायाचित्रें डोळ्यांदेखत आंत अडकून पडतात. ती किल्ली आधीं कागदावर लिहून घ्यावी आणि महत्त्वाच्या सर्व गोष्टींची प्रत दुसऱ्या तबकडीवर काढावी. मगच मांडणीला हात लावावा.

सिक्युअर बूटचीहि गोष्ट अशीच. ‘एमएसइन्फो ३२’ लिहून उघडणाऱ्या माहितींत ‘बायोस मोड’ या शब्दांपुढें ‘यूईएफआय’ असेल तर मार्ग मोकळा आहे. ‘लेगसी’ असेल तर तबकडीची विभागणी बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची असते. अशा वेळीं उतावीळपणें मांडणी बदलली कीं संगणक सुरूच होत नाहीं. आधीं विंडोजमध्यें असलेल्या ‘एमबीआर टू जीपीटी’ या साधनानें विभागणी बदलावी लागते. हें काम माहितगाराच्या हातून करून घेणें बरें; तें तासाभराचें आहे, नव्या यंत्राच्या किंमतीचें नाहीं.

उरतो प्रोसेसर, आणि येथला नकार अंतिम समजावा. इंटेलची आठवी पिढी आली २०१७ सालीं. मोजकेच अपवाद सोडल्यास तिच्या अलीकडचेच प्रोसेसर मान्य आहेत. ‘आय ५-८२५० यू’ला प्रवेश आहे, ‘आय ५-७२०० यू’ला नाहीं, पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच भासतात, फरक आडव्या रेघेपुढच्या पहिल्या अंकाचा. एएमडीच्या रायझनमध्यें पहिल्या पिढीला दार बंद आहे. तेथें क्रमांकावरून तर्क न करतां कंपनीच्या यादींत पूर्ण नांव शोधावें. नवे प्रोसेसर संरक्षणाचें काम अधिक चांगलें करतात आणि यंत्र कमी वेळां कोसळतें, असें कंपनी सांगते. तें खोटें नसेल. पण कंपनी स्वतः विकत असलेल्या सर्फेस स्टुडिओ २ या महागड्या यंत्रांत सातव्या पिढीचा प्रोसेसर होता, आणि त्याला २०२१ मध्येंच यादींत जागा मिळाली, हेंहि ध्यानांत ठेवावें.

अटी चुकवून प्रणाली चढविण्याच्या युक्त्या आहेत. परंतु अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळण्याचा हक्क राहत नाहीं, असें कंपनीनें स्पष्ट बजावलें आहे. शिवाय २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरांवर ती सुरूच होत नाहीं. सुरक्षिततेसाठीं नवी प्रणाली घ्यावयाची आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याच अनिश्चित करून बसावयाचें, हा व्यवहार उलटा आहे.

ज्याच्या वांट्याला प्रोसेसरचा नकार आला, त्यालाहि धांवपळ करण्याचें कारण नव्हतें. कंपनीनें घरगुती ग्राहकांसाठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव सोय ठेवली. संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यांत जतन करणारास ती विनामूल्य होती. त्यापुढचा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, तबकडीला न शिवतां, चालवून पाहतां येते. घरचा छापयंत्र ओळखला जातो काय, बँकेचें पान नीट उघडतें काय, मराठी टंकलेखन हाताला बसतें काय, हें एका रविवारच्या दुपारीं कळून येतें. आणि पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हां सुरू केला कीं विंडोज जसेच्या तसें समोर असतें.